भाईच्या आधी पोचायचं

मुलाचं आणि गल्लीचं नाव इथे लिहीत नाही. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 नुसार पोलीस केसमध्ये सापडलेल्या मुलाची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एवढंच सांगते, की वस्ती सांगलीहून कुपवाडकडे जाताना लागते, आई मार्केट यार्डात हळद निवडायला जाते आणि नववीत शाळा सोडेपर्यंत पोरगा माझ्याकडे गणिताच्या शिकवणीला यायचा.

गणपतीत दोन मंडळांची पोरं भिडली, दोघांना मार लागला. रात्री आईचा फोन आला. "बाई, पोराला न्हेलंय. भाईचा माणूस म्हणतोय, वकील देतो, पैशाचं नंतर बघू."

या 'नंतर बघू'चा हिशेब वस्तीत सगळ्यांना पाठ आहे. पैसे कुणी मागत नाही. कुणाची खोली खाली करायची असली की मागे उभं राहायला ये म्हणतात, एखादं पार्सल पोचवायला सांगतात. जामीन जो देतो, पोरगा त्याचा होतो. म्हणून मी आईला म्हटलं, कशावरही अंगठा देऊ नका, मी येते.

पोलीस ठाण्यात गेल्यावर बऱ्याच गोष्टी कळल्या. मुलगा 16 वर्षांचा, त्यामुळे त्याला कोठडीत ठेवता येत नाही आणि 24 तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. किरकोळ गुन्ह्यात एरवी मुलावर एफआयआर करायचा नसतो, पण सोबत सज्ञान आरोपी असले की होतो. इथे तसंच झालं होतं. वकिलाचं म्हणाल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण तो मोफत देतं, आणि मुलांना उत्पन्नाची अट नाही. आईला हे खरंच वाटेना. फुकटचा वकील मन लावून भांडेल का, हा तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. आमच्या वाट्याला आलेली वकीलबाई तरुण होती आणि फाइल वाचून आली होती, हे आमचं नशीब.

तिनं सांगितलेला एक मुद्दा मी तेव्हापासून प्रत्येक आईला सांगते. कलम 12 नुसार मुलाला जामीनदाराशिवायही सोडता येतं. पण सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल असं वाटलं, तर मंडळ जामीन नाकारू शकतं. म्हणजे भाईचा माणूस पुढे उभा राहिला असता, तर तोच मुलाला नडला असता.

मंडळापुढे आरोपीचा पिंजरा नसतो. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यातली किमान एक स्त्री. पोरगा खाली मान घालून बसला होता. आईबरोबर घरी सोडलं.

मला खरा धडा मिळाला तो परिवीक्षा अधिकारी, म्हणजे मुलाच्या घरची परिस्थिती बघून मंडळाला कळवणारे प्रोबेशन ऑफिसर, घरी आले तेव्हा. त्यांच्या अहवालावर पुढचं बरंचसं ठरतं. आईनं शेजारून खुर्ची आणली होती, पोराच्या हातात कुठलं तरी पुस्तक दिलं होतं. नवऱ्याच्या दारूबद्दल ती बोलणार नव्हती. मी म्हटलं, सांगा, लपवून उपयोग नाही, उद्या शेजारीच सांगतील. तिनं सांगितलं. साहेबांनी ते लिहून घेतलं आणि पोराला विचारलं, "संध्याकाळी सात ते दहा काय करतोस?"

"काय न्हाई. कट्ट्यावर असतोय."

बास. आमच्याकडे मार्गदर्शन शिबिरं होतात, हार-तुरे होतात, पाहुणे व्यसनमुक्तीवर बोलून जातात आणि सगळं दुपारी. सात ते दहा कुणी नसतं. भाई असतो. त्याच्याकडे गाडी असते, वडापावचे पैसे असतात आणि पोराचं नाव त्याला पाठ असतं.

ओळखीच्या मोटार रिवाइंडिंगवाल्याला विचारलं. शेतीपंप जळून येतात, संध्याकाळी काम साचलेलं असतं. तो म्हणाला, येऊ दे, पण मोबाइल बाहेर. पहिल्या आठवड्यात पोरगा दोनदा पळून कट्ट्यावर गेला. मालकानं माणूस पाठवून बोलावून घेतलं, ओरडला मात्र नाही. किरकोळ गुन्ह्याची चौकशी 4 महिन्यांत, फार तर आणखी 2 महिन्यांत संपवावी लागते, नाहीतर ती आपोआप बंद होते. आमची वेळेत संपली. समज दिली, समुपदेशन आणि थोडी सामाजिक सेवा.

मग शाळा. सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे बाहेरून दहावी. आपल्याला कोल्हापूर विभागीय मंडळ. फॉर्म सोपा आहे, जड जातो तो शाळा सोडल्याचा दाखला. तो एकदाचा मिळाला.

अठरा पूर्ण झाल्यावर एमआयडीसीतल्या एका ठेकेदारानं चारित्र्य पडताळणी मागितली. पोलिसांच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, "केस होती ना तुझी?" पोरगा तिथूनच परत फिरला. मला फोनवर म्हणाला, "जाऊ द्या बाई, आपल्याला न्हाई मिळायचं." दुसऱ्या दिवशी वकीलबाईनं कलम 74 चा उतारा लेखी अर्जाला जोडून दिला. चारित्र्य दाखल्यासाठी मुलाच्या अशा केसची नोंद पोलिसांनी उघड करायची नसते, आणि कलम 24 नुसार त्या केसमुळे पुढे कसलीही अपात्रता येत नाही. कुणी वाद घातला नाही. दाखला आला. कायदा माहीत नसल्यामुळे किती पोरं त्या खिडकीवरून माघारी गेली असतील, याचा विचार केला की डोकं तापतं.

आता तो दिवसा कामाला जातो, संध्याकाळी अजूनही मोटारी बांधतो. दहावीत गणित राहिलंय (हो, माझंच गणित), पुरवणी परीक्षेला बसणार आहे. भाईचा माणूस अजून गल्लीत येतो. गेल्या महिन्यात मागच्या बोळातल्या एका बाईंना विधी सेवेचा पत्ता द्यायला गेले, तर त्यांनी सकाळीच भाईच्या वकिलाच्या कागदावर अंगठा दिला होता. तरी त्यांना घेऊन वकीलबाईकडे गेले. वकील बदलता येतो, ती म्हणाली. बाई अजून तयार होत नाहीत, भाईला काय सांगू म्हणतात.