तोंडातला घास सोडून एफ५

आनंदचा सगळ्यात देखणा डाव कुठला, असं खानदेशात कुठल्याही बुद्धिबळाच्या पटाशेजारी विचारलं की 'अरोनियनवाला' हे नाव निघतंच. मग मोबाइल बाहेर येतो, चाली पळवल्या जातात आणि ठरलेले उद्गार सुरू होतात. "उंट फुकट दिला ना भो!" "अरे हत्ती पण दिला!" "आता घोडाबी?" दाद खरी आहे, फक्त ती जरा चुकीच्या चालीला पडते. सगळे मोहरे देण्यावर खूश होतात. या डावातली खरी मती मात्र दोन अशा चालींत आहे ज्यांत आनंदनं काहीच खाल्लं नाही आणि शहही दिला नाही. म्हणून पट मांडूनच बसा, मोबाइलवर पळवू नका.

डाव जानेवारी २०१३ चा. नेदरलँड्समधलं वाइक आन झी, टाटा स्टील स्पर्धा. पांढरे मोहरे लेव्हॉन अरोनियनकडे, काळे विश्वनाथन आनंदकडे, आणि आनंद तेव्हा जगज्जेता होता. ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या चालींची ठरलेली पद्धत, सेमी-स्लाव, त्यातला मेरान हा प्रकार. पहिल्या अकरा चाली नेहमीच्या (नुसतं घराचं नाव असेल तिथं चाल प्याद्याची): डी४ डी५, सी४ सी६, घोडा एफ३ घोडा एफ६, घोडा सी३ ई६, ई३ घोडा डी७, उंट डी३ आणि काळ्यानं सी४ वर मार, उंटानं परत सी४, बी५, उंट डी३, उंट डी६, दोघांचे किल्लेकोट, वजीर सी२ उंट बी७, ए३ हत्ती सी८. इथपर्यंत मांडलं की थांबा आणि काळ्याचे दोन उंट बघा. एक बी७ वर, एक डी६ वर. दोघांचं तोंड पांढऱ्या राजाकडे. बी७ वाल्यासमोर सध्या आपलंच सी६ चं प्यादं उभं आहे, ते हललं की लांब तिरपी रेघ थेट जी२ वर जाते.

बाराव्या चालीला अरोनियननं घोडा जी५ वर आणला. आनंदनं उत्तर दिलं सी५, म्हणजे रेघ उघडली. तेराव्या चालीला घोड्यानं एच७ चं प्यादं खाल्लं. हा घोडा घोड्यानं मारला तर पांढऱ्याचा उंट एच७ वर येऊन शह देतो, एक प्यादं गेलं ते गेलं. आनंदनं त्याच्याकडे बघितलंच नाही, एफ६ चा घोडा जी४ वर टाकला. आता पांढऱ्यानं एफ८ चा हत्ती खाल्ला तर काळा उंट एच२ वर शह, राजा एच१, वजीर एच४, आणि पुढची धमकी उंट जी३ चा उघडा शह (उंट बाजूला झाला की मागच्या वजिराचा शह), मग वजीर एच२ ला मात. म्हणून अरोनियन एफ४ खेळला, डी६ च्या उंटाची वाट बंद केली.

ती बंद झाली तर उंटानं दुसरी शोधली. आधी डी४ वर मारामार झाली, पांढऱ्याचं ई३ चं प्यादं डी४ वर आलं, आणि मग पंधरावी चाल: उंट सी५. सरळ प्याद्याच्या तोंडात! खाल्ला तर डी७ चा घोडा सी५ वर येतो, डी३ च्या उंटावर घोडा आणि वजीर दोघांचा डोळा, वर वजिराचा डी४ वरून शह लटकतोच. अरोनियननं खाल्ला नाही. उंट ई२ वर मागे घेतला, जी४ च्या घोड्यावर हल्ला केला.

सोळावी चाल, डी७ चा घोडा ई५ वर. इथं बोटं मोजून बघा. सी५ चा उंट डी४ च्या प्याद्याला खाता येतो. ई५ चा घोडा एफ४ च्या प्याद्याला. जी४ चा घोडा ई२ च्या उंटाला. एफ८ चा हत्ती एच७ च्या घोड्याला. काळ्याचे चार मोहरे एकाच वेळी मारात, आणि तरी काळा वरचढ. मात्र डी४ च्या प्याद्याला ई५ चा घोडा खाताच येत नाही, कारण ते हललं की सी५ च्या उंटाचा शह राजावर उघडतो, चाल बेकायदा. नवखे इथंच फसतात, डी४ नं ई५ मारून मोकळे होतात. एफ४ च्या प्याद्यानं खाल्लं तर वजीर डी४ वर शह, राजा एच१, आणि मग वजीर जी१! राजाला तो खाता येत नाही, मागे सी५ चा उंट आहे. हत्तीनं खावाच लागतो, आणि घोडा एफ२ ला मात. राजाभोवती आपलाच हत्ती, आपलीच प्यादी, हलायला जागा नाही. सी२ चा वजीर एफ२ चा घोडा खाईल ना, असं कुणी तरी विचारेल. मध्ये ई२ वर पांढऱ्याचाच उंट बसलाय.

म्हणून उंटानं जी४ चा घोडा खाल्ला, काळ्या उंटानं डी४ वर शह दिला, राजा एच१, ई५ च्या घोड्यानं जी४ वर परत मारलं, आणि एकोणिसाव्या चालीला पांढऱ्या घोड्यानं अखेर एफ८ चा हत्ती उचलला.

क्लबात हा डाव दाखवत असाल तर इथं पाच मिनिटं घड्याळ लावा आणि काळ्याची चाल कागदावर लिहून घ्या. बहुतेक कागदांवर 'राजा खातो एफ८' निघेल. सोपं आहे, काळा एका पूर्ण हत्तीनं मागे आहे आणि समोर घोडा उघडा बसलाय. पण राजा तिकडे गेला की सी२ पासून एच७ पर्यंतची तिरपी रेघ मोकळी आहे, पांढरा वजीर एच७ वर उतरतो आणि हल्ला करणाऱ्यालाच आपला राजा सांभाळत बसावं लागतं. आनंद खेळला एफ५. तोंडातला घास सोडला आणि एक प्यादं दोन घरं पुढे सरकवलं. शेतात दारं धरणारा जसा एका सरीचं तोंड ढेकळानं बुजवतो आणि पाणी दुसरीकडे वळवतो, तसं. वजिराची रेघ बुजली, जी४ च्या घोड्याला आधार मिळाला, आणि वजीर एच४ ची धमकी तशीच उभी. पांढरा घोडा कुठं पळून जाणार होता?

पळाला तो, जी६ वर, एच४ चं घर राखायला. काळा वजीर एफ६, पांढऱ्याचं एच३, वजिरानं जी६ चा घोडा खाल्ला. आता एच३ च्या प्याद्यानं जी४ चा घोडा खाल्ला तर वजीर एच६ ला लगेच मात, कारण जी१ वर डी४ चा उंट नजर ठेवून आहे.

इथं जरा पांढऱ्याचा हिशेब काढा. अरोनियनचा राजाच्या बाजूचा घोडा पाच चाली चालला आणि मेला. राजाच्या बाजूचा उंट पाच चाली चालला आणि मेला. तेवीसपैकी दहा चाली गेल्या, आणि ए१ चा हत्ती, सी१ चा उंट डावभर जागचे हलले नाहीत. हा डाव बघून आपल्याकडे पोरं पुढच्याच स्पर्धेत घोडा जी४, उंट सी५ करून मोहरे उधळतात आणि विसाव्या चालीला हात चोळत बसतात. मोहरे देण्याआधी समोरच्याचे किती मोहरे घरी झोपलेत ते मोजा. इथं हत्ती आणि उंट झोपले होते म्हणून दिलेलं पचलं. दुसरं, बी७ च्या उंटासमोरची रेघ उघडी नसेल तर या हल्ल्यात दमच नाही. सी६ वर प्यादं ठेवून जी४ वर घोडा नेणं म्हणजे बैल न जुंपता गाडी हाकणं. आणि बरंचसं आनंदनं घरी तयार करून आणलेलं होतं, हेही विसरू नका. म्हणून डाव लहान होत नाही. घरी बसून उंट सी५ सुचायलाही मती लागते.

जुन्या मंडळींना या डावात जुन्या काळचा पोलिश खेळाडू रुबिन्स्टाइन दिसतो. १९०७, लोड्झ, रोटलेवीविरुद्ध. तिथंही काळे मोहरे, दोन उंट शेजारशेजारच्या तिरप्या रेघांवर, घोडा जी४ वर, राजा एच१ वर, आणि पंचवीस चालींत खेळ संपलेला. तिथंही शेवटची चाल शांत होती, हत्ती एच३.

आनंदची शेवटची चाल. पांढरा वजीर ई२ वर, काळा एच५ वर, पांढरा वजीर डी३ वर. डी३ वरून तिसऱ्या रांगेनं तो एच३ चं प्यादं राखतोय. तेविसावी चाल, उंट ई३. पुन्हा ढेकूळ टाकलं, रांग बुजली, आणि अरोनियननं डाव सोडला. आता पांढऱ्याची दोन प्यादी बघा. जी२ चं प्यादं बी७ च्या उंटानं राजाशी जखडलेलं, ते एच३ वर काही खाऊ शकत नाही. एच३ चं प्यादं एच५ च्या वजिरानं जखडलेलं, ते जी४ चा घोडा खाऊ शकत नाही. वजिराची एच३ वर मात समोर दिसतेय. वजिरानं ई३ चा उंट खाल्ला तर घोडा वजीर घेतो. राहिला सी१ चा उंट. त्यानं ई३ खाल्लं असतं तर वजीर एच३ वर शह, राजा जी१, वजीर जी२ ला मात. डावभरात पहिल्यांदाच तो घराबाहेर पडला असता, आणि तेही मात बघायला.