कोल्हापुरात जुन्या पुस्तकांचं मोल काढायला निघताना

पुस्तक जुनं म्हणून महाग, हा समज घरीच ठेवून निघा. हजारोंनी छापलेल्या शंभर वर्षांच्या पोथीला गिऱ्हाईक नसतं, आणि १९६० च्या आसपासचा छोटा कवितासंग्रह पहिल्या आवृत्तीत, वेष्टनासकट मिळाला तर चार जण मागे लागतात. सोबत भिंग, टॉर्च, मऊ ब्रश आणि वही घ्या.

पहिला मुक्काम करवीर नगर वाचन मंदिर. १८५० सालापासूनची संस्था आहे. आपल्याकडच्या पुस्तकाची प्रत तिथे असेल तर एकूण पानं, चित्रं, नकाशे मोजून टिपून घ्या. घरच्या प्रतीत एक नकाशा कमी निघाला की भाव निम्म्याच्याही खाली येतो, आणि ते नेमकं विकताना कळतं.

साल शके असेल तर ७८ मिळवा: शके १८५२ म्हणजे १९३०. पौषाच्या सुमारापासून पुढे ७९. साल छापलेलंच नसेल तर किंमत बघा. रुपये-आण्यांत असेल तर पुस्तक बहुतेक १९५७ च्या आधीचं. ‘पुनर्मुद्रण’ हा शब्द शीर्षकपानाच्या मागे बारीक टाइपात दडलेला असतो, तो शोधाच.

कोल्हापुरात सगळ्यात जास्त वेळ पाण्याच्या खुणांवर घालवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात भिजलेली पुस्तकं वाळवून अजून बाजारात फिरतात. खालच्या कडेला तपकिरी रेघ, पानांना लाटा, शिवणीत बारीक गाळ दिसतो. आर्ट पेपरची चित्रं एकमेकांना चिकटलेली असतील तर ओढू नका. कागदावरचा मातीचा लेप विरघळून वाळला की गोंदासारखा धरतो, सोडवताना चित्रच सोलून येतं. अशी प्रत फक्त वाचायच्या भावाने घ्यावी.

रद्दीच्या दुकानात किलोचा भाव ठरवण्याआधी गठ्ठा सोडून बघू द्यायला सांगा. खरा माल पुस्तकांच्या मध्ये सापडतो, तो म्हणजे सिनेमाच्या गाण्यांच्या पुस्तिका. प्रभात ही चित्रपट कंपनी १९२९ साली इथेच सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. त्या काळातली एखादी पुस्तिका अख्ख्या गठ्ठ्यावर भारी पडते. पिना गंजलेल्या असतात, त्या जागच्या जागी उपटू नका.

ग्रंथालयाचा शिक्का असेल आणि पुस्तक संग्रहातून काढल्याची ‘रद्द’ ही नोंद नसेल तर पुस्तक घेऊ नका. हस्तलिखित वाटलं तर भिंग लावा: शिळाप्रेसवर, म्हणजे दगडी छापखान्यात, छापलेल्या अक्षरांत शाई सगळीकडे सारखी असते, बोरूच्या अक्षरात ती जागोजागी साचते. ७५ वर्षांहून जुनं, महत्त्वाचं हस्तलिखित १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं. ते खाजगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही.

भाव शेवटी काढा. ऑनलाइन मागितलेले आकडे सोडा, विकल्या गेलेल्या प्रतींचे आकडे टिपा, तेही त्याच आवृत्तीचे आणि त्याच अवस्थेतले. दुकानदार त्याहून बराच कमी देईल. प्रत त्याच्याकडे वर्षभर पडून राहू शकते, म्हणून तो भाव रास्तच समजावा. चिकटपट्टी लावून ‘दुरुस्त’ केलेलं पुस्तक मात्र कुणीच नीट घेत नाही. फाटकं आहे तसंच न्या.