“लिहिलंय ते द्या ना, सिस्टर”

ड्रग चार्टवर, म्हणजे पेशंटला कोणतं औषध किती आणि कधी द्यायचं त्या तक्त्यावर, काही जगावेगळं दिसलं की नवीन सिस्टर घाबरतात. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून विदर्भातल्या एका सरकारी रुग्णालयात लागले तेव्हा मीही घाबरायचे. कापसावर फवारणी सुरू झाली की कॅज्युअल्टीत विषबाधेचे पेशंट यायचे. तोंडाला फेस, छातीत घरघर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. सर म्हणायचे, “अॅट्रोपिन, पाच अँप्युल.” अँप्युल म्हणजे इंजेक्शनची छोटी काचेची कुपी, एकीत ०.६ मिलिग्रॅम. एरवी नाडी मंदावलेल्या पेशंटला एक अँप्युल देतानाही आमची नजर मॉनिटरवरून हलत नाही. इथे आधी पाच, पाच मिनिटांनी दहा, तरी छाती मोकळी नाही तर वीस! पहिल्यांदा माझ्या तोंडून “दहा?” असं मोठ्याने निघालं तेव्हा सर न रागावता म्हणाले, “हो, दहा. स्टेथो लाव, छाती ऐक. कोरडी होईपर्यंत दुप्पट करत जायचं.”

ऑर्गनोफॉस्फेटच्या, म्हणजे फवारणीच्या त्या कीटकनाशकाच्या, विषबाधेत अॅट्रोपिन असंच द्यावं लागतं. ऑर्डर विचित्र होती, पण बरोबर होती आणि तिचं कारण सांगणारा माणूस शेजारीच उभा होता. अशा ऑर्डरींची मला आता भीती वाटत नाही. त्या आपणहून लक्ष वेधून घेतात, त्यामुळे कुणीतरी विचारतंच. खरी पंचाईत होते ती साध्यासुध्या दिसणाऱ्या ओळींची. पुण्यात एका खासगी रुग्णालयात आल्यावर अशीच एक ओळ समोर आली.

मेडिसिन वॉर्ड, दुपारची ड्यूटी. सकाळच्या सिस्टरकडून ओव्हर, म्हणजे पेशंटची सगळी माहिती, घेतला. आदल्या रात्री अॅडमिट झालेल्या सत्तरीतल्या आजी, न्यूमोनिया, आणि संधिवात जुना. ट्रीटमेंट शीटवर अँटिबायोटिक, नेब्युलायझेशन, बीपीची गोळी आणि त्याखाली ‘टॅब मेथोट्रेक्सेट १५ मिग्रॅ ओडी’. म्हणजे रोज एकदा. पहिला डोस रात्री आठचा.

अक्षराला नाव ठेवायला जागा नव्हती. औषधाचं जेनेरिक नाव लिहा, वाचता येईल असं आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहा, असं मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्ये सांगितलं, अगदी त्याबरहुकूम. गिचमिड असलं की आपण फोन करतोच. चुकीची ओळ सुवाच्य असली की मात्र कुणी थांबत नाही.

मेथोट्रेक्सेट मुळात कॅन्सरचं औषध. संधिवातात ते कमी मात्रेत, साधारण साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम, पण आठवड्यातून एकदाच देतात. तेच रोज गेलं तर तोंड आतून सोलून निघतं, बोनमॅरो दबतो, पांढऱ्या पेशी घसरतात आणि माणूस दगावतोही. औषध बाहेर पडतं किडनीवाटे, आणि या आजींचं क्रिएटिनिन होतं १.८, म्हणजे किडनी आधीच मंद.

लगेच फोन लावला नाही. हातात काही नसताना डॉक्टरांना फोन केला की “मग तुम्हाला काय वाटतं?” यावर आपली बोबडी वळते. आधी आजींकडे गेले.

“आजी, सांध्यांची गोळी कधी घेता?”

“आयतवारी. सून काढून देते. बाकीच्या दिवशी ती पिवळी बारकी.”

पिवळी बारकी म्हणजे फॉलिक अॅसिड. सूनबाईंनी पिशवीतून रबर लावलेल्या स्ट्रिपा काढल्या आणि त्यांत घडी घालून ठेवलेला संधिवाततज्ज्ञांचा कागद. त्यावर वीकली लिहिलेलं, पुढे वारसुद्धा. (बाजारात या औषधाच्या एका ब्रँडचं नाव तर असं आहे की ऐकणाऱ्याला ते फॉलिक अॅसिडच वाटावं. हे कुणाला सुचतं, देव जाणे.)

मग ही ओळ लिहिणाऱ्या आरएमओंना, म्हणजे ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरांना, फोन. ते कॅज्युअल्टीत अडकलेले. “जुन्या फाइलवरून उतरवलंय. लिहिलंय ते द्या ना, सिस्टर.”

इथे “सर, हे चुकलंय” म्हटलं की समोरचा आपली बाजू मांडायला लागतो आणि आजी बाजूलाच राहतात. मी एवढंच म्हणाले, “सर, बेड अकराच्या आजी ही गोळी दर रविवारी घेतात. तज्ज्ञांच्या कागदावरही वीकली आहे. क्रिएटिनिन १.८ आहे. मी गोळी दिलेली नाही. वार लिहून द्याल का?” ते म्हणाले, “बघतो राऊंडला.” हे ‘बघतो’ किती वाजता उगवतं हे नोकरी करणाऱ्याला सांगायला नको.

म्हणून चार्टवरची आठची वेळ रिकामी सोडली नाही. रिकामी जागा दिसली की नाइटच्या सिस्टरला वाटतं द्यायची राहिली, आणि ती बिचारी इमानदारीने देऊन मोकळी होते. वेळेभोवती गोल केला, बाजूला ‘होल्ड’ लिहिलं, सही केली. नर्सेस नोट्समध्ये किती वाजता, कुणाला, काय सांगितलं आणि उत्तर काय आलं, ते त्यांच्याच शब्दांत. घरून आणलेल्या स्ट्रिपा सूनबाईंसमोर मोजून, लेबल लावून कपाटात ठेवल्या. नातेवाईक “डॉक्टरांनीच लिहिलीय” म्हणून आपल्या हाताने गोळी देतात, हे पाहिलेलं आहे.

फार्मसीला फोन केला. फार्मासिस्टने फाइल उघडून पाहिली आणि इंडेंट, म्हणजे वॉर्डातून गेलेली औषधाची मागणी, तिथेच थांबवला. इनचार्ज मॅडम म्हणाल्या, “कन्सल्टंटना लाव. मी इथेच बसलेय.” त्या नुसत्या बसल्या होत्या, पण त्यांच्या बसण्याने माझा आवाज सरळ निघाला.

कन्सल्टंटनी ऐकून घेतलं. “रोज? कुणी...” मग स्वतःच थांबले. “ते राहू दे. न्यूमोनिया आहे ना? मग ती गोळी सध्या बंदच ठेवायची, वीकलीसुद्धा नाही. सकाळी सीबीसी आणि क्रिएटिनिन परत पाठवा.” मी विचारलं होतं वाराचं, आणि उत्तर आलं की औषधच नको. फोनवरची ऑर्डर मी लिहून घेतली, त्यांना परत वाचून दाखवली, त्यांनी “बरोबर” म्हटल्यावरच फोन ठेवला. थोड्या वेळाने आरएमओ आले, ओळीवर एक रेघ मारली, सही, तारीख, वेळ टाकली आणि माझ्याकडे न बघता गेले. दोन-चार दिवस असंच चाललं, मग चहाच्या वेळी बोलायला लागले.

पुढे निअर मिसचा, म्हणजे होता होता टळलेल्या चुकीचा, फॉर्म भरायचा की नाही यावर वॉर्डात कुजबुज झाली. कुणाचं तरी नाव जाईल, उगाच कशाला? मॅडमनी फॉर्म उलटून दाखवला, त्यात डॉक्टरच्या नावाचा रकानाच नव्हता. फॉर्म भरला म्हणूनच मूळ सापडलं. आजींच्या मागच्या अॅडमिशनच्या डिस्चार्ज समरीत ‘ओडी’ टाइप झालं होतं. आरएमओंनी खरंच उतरवलं होतं, जसंच्या तसं. घरी गोळ्या काढून देणारी सून जुन्या कागदावर चालली म्हणून आजी वाचल्या. ती समरी रेकॉर्ड विभागाकडून दुरुस्त करून घेतली आणि नवी प्रत सूनबाईंच्या हातात दिली. त्यांनी विचारलं, “मग जुना कागद टाकू?” म्हटलं, तज्ज्ञांचा ठेवा, आमचा द्या इकडे.

आता आमच्याकडे मेथोट्रेक्सेटच्या इंडेंटवर आजार आणि वार दोन्ही लिहिल्याशिवाय गोळी वॉर्डात येत नाही. ऑन्कोलॉजीचं वेळापत्रक वेगळं असतं, म्हणून आजार लागतो. सुरुवातीला कटकट झाली, आता सवय झाली. इन्सुलिनच्या आकड्यापुढे नुसतं ‘यू’ लिहिलं तर तो शून्य वाटून दहाचे शंभर होतात, म्हणून तिथे पूर्ण ‘युनिट’ लिहून घेतो. व्हायल मिलिलिटरला ४० युनिटची आहे की १०० ची, हेही सिरिंज हातात घेण्याआधी दोघी बघतो. पोटॅशियम क्लोराइडसमोर ‘आयव्ही’ एवढंच असेल तर किती सलाइनमध्ये, किती तासांत, हे लिहून आल्याशिवाय अँप्युल फोडत नाही.

रात्रीचं मात्र अजून सुटलेलं नाही. दीड वाजता शंका आली आणि ऑन-कॉल डॉक्टरांनी फोन उचलला नाही, तर नोट्समध्ये “फोन केला, उत्तर नाही” एवढंच लिहिता येतं. मेथोट्रेक्सेट सकाळपर्यंत थांबू शकते, सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनलेल्या, पेशंटचं अँटिबायोटिक थांबू शकत नाही. ऑन-कॉलच्या यादीत प्रत्येक रात्री दुसरं नाव हवं, असं मॅडमनी लेखी दिलंय. अर्ज अजून वरच आहे.