सिस्टर, आधी कुणाकडं जाणार?

डिग्री झाली, रिझल्ट आला, आता परत कसली परीक्षा गं, हे गल्लीतल्या प्रत्येकानं मला विचारून झालंय. आणि विचारणाऱ्यांचं काही चुकत नाही, कारण आपल्याकडं बीएस्सी नर्सिंगची चार वर्षं झाली, राजीव गांधी युनिव्हर्सिटीची परीक्षा पास झालं की स्टेट नर्सिंग कौन्सिलमध्ये कागद भरायचे, नोंदणी झाली की तुम्ही नर्स. लायसन्सची वेगळी परीक्षा असली काही भानगड नाही. अमेरिकेत मात्र कॉलेज कुठलंही असू दे, रजिस्टर्ड नर्सचं लायसन्स पाहिजे तर एनक्लेक्स द्यायचीच, तिथं शिकलेल्या पोरींना पण आणि बेळगावात वडगावच्या मागवाल्यांच्या घरातल्या मला पण. बरं, परीक्षेला बसायला वॉर्डातला अनुभव मागत नाहीत, म्हणून मी आत्ताच बसायचं ठरवलं. धाडस म्हणा नाहीतर येडेपणा म्हणा.

पप्पांना सगळ्यात आधी पैशांचा आकडा सांगावा लागला. परीक्षेची फी २०० डॉलर, आणि अमेरिकेबाहेरच्या सेंटरवर द्यायची म्हणून वरचे १५० डॉलर, म्हणजे तीस हजाराच्या आसपास इथंच गेले. त्याच्याआधी तिथल्या ज्या राज्याच्या बोर्डाकडं अर्ज करायचा त्याची फी वेगळी, कॉलेजचे आणि कौन्सिलचे कागद तपासून घ्यायचे त्याची वेगळी. पप्पा गप्प ऐकत होते, मग म्हणाले, "पास झालीस की लगेच जायचं काय?" लगेच कुठलं, पुढं इंग्रजीची परीक्षा आहे, व्हिसाची रांग आहे आणि ती रांग वर्षानुवर्षं हलत नाही असं पण होतं. ते ऐकून त्यांचा चेहरा उलट जरा खुलला, पोरगी एवढ्यात जात नाही म्हणून असेल.

कागदांचं एक आधीच सांगते, आपल्या भागातल्या पोरींनी नीट ऐका. परीक्षेच्या परवानगीपत्रावर जे नाव असेल अगदी तेच पासपोर्टवर पाहिजे. आणि आपल्याकडं एका माणसाची चार नावं असतात! दहावीच्या, म्हणजे एसएसएलसीच्या मार्क्स कार्डवर आडनाव पुढं, डिग्रीवर आडनावाचं नुसतं इनिशियल, आधारवर वडिलांचं नाव मध्ये, त्यात स्पेलिंगमध्ये एखादा 'एच' कुणी घातलाय कुणी खाल्लाय. अभ्यास नंतर करा, आधी हे सगळे कागद एकाशेजारी एक ठेवून बघा.

आता परीक्षा. कॉम्प्युटरवर, पाच तास, ब्रेक धरून. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, आणि मध्ये कधी बंद पडेल ते आपल्या हातात नाही. बरोबर उत्तर दिलं की पुढचा प्रश्न अवघड येतो, चुकलं की जरा सोपा, असं करत करत कॉम्प्युटर तुमची लेव्हल शोधत असतो, आणि ही पास होणार किंवा नापास होणार असं त्याला ९५ टक्के खात्रीनं कळलं की स्क्रीन बंद. म्हणजे ८५ वर बंद पडलं तर पास पण असू शकता आणि नापास पण. आणि ह्या पद्धतीमुळं हुशार पोरीचे सुद्धा जवळपास निम्मे प्रश्न चुकतात, कारण ती चुकेपर्यंत तो प्रश्न अवघड करतच जातो! आम्ही आयुष्यभर पेपर चांगला गेला की खाली बघून गालात हसत बाहेर आलेली माणसं, आम्हाला हे झेपायला वेळ लागतो. त्यामुळं पेपर कसा गेला ह्याला इथं काही अर्थ नाही, हे मी घरात आत्तापासून सांगून ठेवलंय, नाहीतर मी बाहेर आले की आईचा पहिला प्रश्न तोच असणार.

माझी दहावीपर्यंत मराठी शाळा, पीयूसी म्हणजे अकरावीपासून सगळं इंग्रजीत, वॉर्डात पेशंटशी कधी मराठी कधी कन्नड, त्यामुळं सगळ्यांना वाटतं माझा प्रॉब्लेम इंग्रजीचा असणार. तसं काही नाही. औषधांची नावं तेवढी बदलतात, आपली पॅरासिटामॉल तिकडं ॲसिटामिनोफेन, आपलं सालब्युटामॉल तिकडं अल्ब्युटेरॉल, ती आठवडाभरात पाठ होतात. प्रश्न विचारायची पद्धत तिरकी असते, पेशंटच्या कुठल्या बोलण्यावरून त्याला अजून समजावून सांगायची गरज दिसते, असं विचारलं की चार पर्यायांत जे चुकीचं वाक्य आहे ते धरायचं. सवय झाली की हे पण जमतं.

खरं जड जातं ते वेगळंच. एक प्रश्न सांगते, मी माझ्या शब्दांत बनवलाय पण असलेच येतात. सकाळी ड्युटीवर आलात, चार पेशंट तुमचे. एक सीओपीडीचे, म्हणजे फुप्फुसाच्या जुनाट आजाराचे आजोबा, ऑक्सिजन चालू, रक्तातलं ऑक्सिजन सॅच्युरेशन ९०. दुसरी डायबेटिसची बाई, जेवणाआधीची शुगर २१०. तिसरा पोरगा, काल पायाला प्लास्टर घातलंय, आतून खाज सुटलीय म्हणून कावलाय. चौथा अपेंडिक्सचा, ऑपरेशनला न्यायचाय, रात्रभर पोट धरून कण्हत होता, आता म्हणतो सिस्टर एकदम बरं वाटालंय, दुखायचं थांबलं. आधी कुणाकडं जाणार?

आमच्या वॉर्डात ह्याचं उत्तर सोपं होतं, ज्याचे नातेवाईक जास्त ओरडतात त्याच्याकडं! चेष्टा नाही करत, पोस्टिंग केलेल्या कुणालाही विचारा. एका खाटेभोवती सहा माणसं, त्यातला एक कुणाचा तरी ओळखीचा, आणि कोपऱ्यातला गप्प पडलेला पेशंट बरा आहे असं आपण धरून चालतो. परीक्षा नेमकं तिथंच पकडते. आजोबांना सीओपीडी आहे, त्यांना ८८ ते ९२ मध्येच ठेवायचं असतं, ९० म्हणजे ठीक. शुगरला थोडा वेळ आहे, प्लास्टरमध्ये खाज तर सुटतेच, बोटं हलतायत, रंग नीट आहे ना एवढं बघायचं. पण अपेंडिक्सचं दुखणं औषधाशिवाय अचानक थांबलं तर ते फुटलेलं असू शकतं, आणि पुढं पोटभर इन्फेक्शन. म्हणजे जो सगळ्यात खूश आहे त्याच्याकडं आधी पळायचं.

बरं, पळालात, पुढं काय? इथं दुसरी अडचण. पर्यायांत 'डॉक्टरांना कळवा' असतं आणि माझा हात आपोआप तिकडं जातो. कारण चार वर्षं आमचं काम काय होतं, बघायचं आणि स्टाफ नर्सला सांगायचं, स्टाफ ड्युटी डॉक्टरांना सांगणार, ते मोठ्या डॉक्टरांना विचारणार, मग खाली उत्तर येणार. स्टुडंटनं स्वतःहून काही केलं की "तुला कुणी सांगितलं गं?" हे ठरलेलं. त्या भीतीचा फायदा पण आहे, उगाच कुणी काहीतरी करून बसत नाही. पण एनक्लेक्सवाल्यांना विचारायचं असतं ते वेगळं, की डॉक्टर येईपर्यंत नर्स म्हणून तुझ्या हातात काय आहे.

लेबर रूमचं मॅगसल्फ घ्या. गरोदरपणात बीपी फार वाढलेल्या बाईला झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट देतात, आणि प्रत्येक डोसच्या आधी तीन गोष्टी बघायच्या, गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो का, श्वास मिनिटाला किती आणि लघवी तासाला किमान ३० मिली होते का. हे आमच्याकडं प्रत्येक पोरीला झोपेत विचारलं तरी येतं. आता प्रश्न असा की ड्रिप चालू आहे, पाय उडत नाही, श्वास मिनिटाला १० वर आलेत, सगळ्यात आधी काय कराल? कॅल्शियम ग्लुकोनेट हा जास्त झालेल्या मॅगसल्फचा उतारा, तो पर्यायांत असतो. डॉक्टरांना कळवा, तो पण असतो. पण आधी ड्रिप बंद करायची बाई! औषध शरीरात जातच आहे आणि तुम्ही फोन शोधताय. क्लॅम्प खाली ओढायला दोन सेकंद लागतात, त्याला कुणाची परवानगी नको.

मग 'डॉक्टरांना कळवा' कायमचं चूक का, तर तसं पण नाही, आणि असलाच सरसकट नियम कोचिंगवाले व्हिडिओत सांगतात तेव्हा मला राग येतो. तोच प्लास्टरवाला पोरगा घ्या, त्याला खाज नसून पेनकिलर देऊन पण दुखणं वाढतच चाललंय, बोटं बधिर पडलीत, बोटं सरळ केली की किंचाळतो. हा कंपार्टमेंट सिंड्रोम, आत प्रेशर वाढून रक्त पोचत नाही. पाय उशीवर उंच करा हा पर्याय इथं गोड दिसतो पण उंच केला की रक्त अजूनच कमी पोचणार, पाय हृदयाच्या लेव्हललाच ठेवायचा आणि डॉक्टरांना तातडीनं बोलवायचं. तुम्ही बघून झालंय, प्लास्टर कापायचं तुमच्या हातात नाही, मग बोलवाच. म्हणजे प्रत्येक वेळी स्वतःला विचारायचं, माझं बघून झालं का, माझ्या हातात काही उरलंय का. १ एप्रिल २०२३ पासून जी नवीन पद्धत आलीय त्यात तर एकाच पेशंटवर सहा प्रश्न येतात, चार्ट उघडून दाखवतात, नोट्स, लॅब, व्हायटल्स, आणि आधी ह्यात काय खटकतंय, मग कशामुळं, मग काय करणार, मग केल्यावर बरं वाटलं हे कशावरून कळणार, असं ओळीनं विचारत नेतात. मला हे आवडतं खरं तर. हातात फाईल घेऊन वॉर्डात उभं राहिल्यासारखं वाटतं, फक्त मागनं कुणी ओरडत नाही.

घरात अभ्यासाचं म्हणाल तर खाली पॉवरलूम, वर मी. सकाळपासून खटाखट चालू, मला त्याचं काही वाटत नाही, हेस्कॉमनं करंट काढला की एकदम शांत होतं आणि मग माझं लक्ष उडतं. परीक्षेच्या सेंटरवर मागितले तर कानात घालायचे बोळे देतात म्हणे, मला उलटं पाहिजे होतं. सेंटर बेंगळुरूला. राणी चन्नम्मानं रात्री निघून सकाळी उतरायचं आणि तसंच परीक्षेला जायचं हा पप्पांचा बेत, मी आदल्या दिवशी वंदे भारतनं जाऊन झोपायचं म्हणते. रात्रभर रेल्वेत जागून पाच तास बसून दाखवा म्हटलं. अजून वाद मिटलेला नाही, आईनं मात्र दोन्हीकडच्या डब्याचं ठरवून टाकलंय.

घाबरायला होतं काय, होय की. पोटात गोळा येतो, विशेषतः रात्री मॉक टेस्टचा स्कोअर बघितल्यावर. आता रात्रीचा स्कोअर बघायचं बंद केलंय, सकाळी चहा घेऊन चुकलेले प्रश्न काढते आणि वहीत फक्त का चुकलं तेवढं एका ओळीत लिहिते, माहिती नव्हती की माहिती असून डॉक्टरांना फोन लावायला पळाले. दुसऱ्या प्रकारच्या ओळी अजून जास्त आहेत.

आणि एक प्रकरण काही केल्या डोक्यात शिरत नाही ते म्हणजे काम कुणाला सांगायचं. तिकडं नर्सच्या हाताखाली एलपीएन, म्हणजे कमी शिक्षणाच्या लायसन्सवाल्या नर्स असतात, मदतनीस असतात, पेशंट पहिल्यांदा तपासणं, शिकवणं आणि सुधारला का ते ठरवणं हे नर्सनंच करायचं, अंघोळ, चालवणं, स्थिर पेशंटचं बीपी-टेंपरेचर हे मदतनिसाला देता येतं, पण गिळताना ठसका लागणाऱ्याला भरवायचं काम द्यायचं नाही. वाचलं की कळतं, प्रश्न आला की गोंधळ. आमच्याकडं अंघोळ घालणार पेशंटची बायको, भरवणार बहीण, आणि सलाईन संपत आलं हे सांगायला धावत येणार त्याची आई, मी आजवर कुणाला काम वाटून दिलंय? बेळगाव, खानापूर, निपाणीकडं कुणी ह्याच परीक्षेचा अभ्यास करत असेल तर मला कळवा, रविवारी एकत्र बसून हेच प्रकरण घेऊ. आमच्याकडं बसायचं असेल तर मागाच्या आवाजात जरा मोठ्यानं बोलावं लागेल एवढंच.