आमची वाटचाल : मे महिना आणि हौजीचा पिंजरा

"एक माईक लावायचा, चार हौजी खेळवायच्या, वर बटाटवडे. त्यात कसलं आलंय नियोजन?" गोव्यात पर्वरीपासून वास्कोपर्यंत किती सोसायट्यांच्या कमिट्यांनी हे आम्हा उन्हाळी कार्यक्रम आखणाऱ्यांना तोंडावर ऐकवलं असेल, त्याला गणती नाही. आम्ही वाद घालत नाही. मे उजाडतो, केटरर लग्नांत अडकलेले असतात, जनरेटरवाले फोन उचलत नाहीत, आणि ज्या पोरांच्या जिवावर खुर्च्या मांडायच्या ती शिरगावच्या जत्रेला असतात. मग तीच कमिटी फोन करते.

मूळ धंदा वडिलांचा, फोंड्यात, मंडप-खुर्च्यांचा. लग्नं, मुंजी, देवळांचे वर्धापनदिन, गावची नाटकं. पुढे पर्वरी, ताळगाव, दोनापावल भागात क्लबहाऊसवाल्या वसाहती उभ्या राहिल्या आणि उन्हाळ्यात तिथल्या मुलांना, आजी-आजोबांना, सुट्टीवर आलेल्या लेकीसुनांना एकत्र काय द्यायचं हा प्रश्न पडू लागला. खुर्च्या आमच्याच जायच्या, तेव्हा कार्यक्रमही आम्हीच आखावा असं ठरलं. बरोबर होता आमचा साऊंडवाला. पेडण्याकडचा, दशावताराला माईक लावून तयार झालेला. माझ्याहून वयाने मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. कागदावर भागीदारी कधी झाली नाही. हिशेब मात्र पहिल्या कार्यक्रमापासून निम्मानिम्मा.

दादाचं एकच म्हणणं: मोठा स्पीकर एका कोपऱ्यात ठेवायचा नाही. चार लहान स्पीकर, चारही आतल्या बाजूला तोंड करून, छातीच्या उंचीवर. मागच्या रांगेतल्या आजींना आकडा ऐकू येतो आणि कुंपणापलीकडच्या बंगल्यात बाळ झोपलेलं राहतं. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, आणि दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. बंद हॉलला सवलत आहे. पण एसी पुरत नाही म्हणून दारं उघडलीत, की तो कसला बंद हॉल? दादाकडे मीटर आहे. तो खिशातून काढून कुंपणाशी उभा राहतो आणि लांबूनच मला हाताने खाली-खाली अशी खूण करतो.

दुसरं हत्यार म्हणजे हौजीचा पिंजरा. स्टीलचा, कडीने फिरवायचा, लाकडी गोट्या नव्वद. आता मोबाईलवर आकडे निघतात, सगळे तेच वापरतात. वापरू देत. पण पिंजरा फिरताना मुलं जवळ येऊन गोटी काढायला भांडतात आणि आकडा आधीच ठरलेला होता असा संशय कुणाला येत नाही. बक्षिसाची रक्कम लहान असली तरी हौजीतला संशय वर्षभर टिकतो.

आणि तिसरं हत्यार, आमचं पत्रक. कार्यक्रमाच्या आखणीचं एक पान. फेब्रुवारीत तयार होतं. त्यात सगळ्यात आधी नको असलेल्या तारखा लिहायच्या. वैशाख शुद्ध पंचमीची शिरगावच्या लईराई देवीची जत्रा. आमची निम्मी पोरं डिचोली तालुक्यातली, धोंड, म्हणजे देवीचं व्रत करणारी; व्रत धरलं की कामाला नाहीत. जवळच्या खुरसाकडे, म्हणजे क्रॉसपाशी, लदीन (ख्रिस्ती लोकांची सामूहिक प्रार्थना) कधी आहे, ते विचारायचं. गावच्या देवळाचा वर्धापनदिन. शाळांचं तर 2025 पासून पारच बदललं. सहावीपासूनचे वर्ग एप्रिलातच सुरू झाले, म्हणजे एप्रिलची शिबिरं गेली आणि सगळा भार मेवर आला. शिवाय त्याच साली पाऊस 24 मेला केरळात आणि लगेच आमच्या डोक्यावर. शेवटच्या आठवड्यातलं सगळं आम्ही पत्रकात आधीच हॉलमध्ये घेतलं होतं, म्हणून वाचलो. ज्यांनी लॉनवर समारोप ठेवला होता त्यांच्या खुर्च्या आमच्याच ट्रकमधून परत आल्या, चिखलासकट.

2020 बद्दल लिहायलाच हवं. बावीस मार्चला जनता कर्फ्यू, दोन दिवसांनी टाळेबंदी, आणि आमच्याकडे सगळ्या मे महिन्याचे ॲडव्हान्स जमा झालेले. त्यातला बराचसा पुढे केटररला, टी-शर्टवाल्याला, पदकवाल्याला गेलेला. कमिट्यांनी पैसे परत मागितले, मागणारच. मोठा जनरेटर विकला आणि एकेकाला परत केले. दादाने आपला साऊंडचा मिक्सर विकायला काढला. बायको म्हणाली, "मंडपसुद्धा विकून टाका आता, ठेवता कशाला?"

त्या वेळी आमच्याकडे तिकिटं फाडायला शिकलेला एक मुलगा स्वतंत्र झाला होता. नाव घेत नाही. त्याने आमच्या सगळ्या कमिट्यांना फोन लावले: ते बसले, जनरेटरसुद्धा विकला, आता माझ्याकडे या. जनरेटर विकला हे खरंच. कशासाठी विकला, तेवढं सांगायचं राहून गेलं त्याचं.

फक्त पर्वरीच्या काकींनी ॲडव्हान्स परत घेतला नाही. बँकेतून निवृत्त झालेल्या, कमिटीच्या खजिनदार, बिलातली पन्नास रुपयांची चूकसुद्धा न सोडणाऱ्या. म्हणाल्या, "पैसे राहू देत. पण मे कोरडा जायला नको. तू काहीतरी कर." गोवा हिरव्या पट्ट्यात आला, तेव्हा मी आणि दादा दोघंच गेलो. क्लबहाऊसच्या पायरीवर पिंजरा ठेवला. समोर दोन इमारती, सगळे आपापल्या गॅलरीत, तिकिटं आधीच व्हॉट्सॲपवर पाठवलेली. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी "लाईन!" म्हणून ओरडलं आणि तपासायला तिकीट दोरीला बांधलेल्या टोपलीतून खाली आलं. कागदावर हातानेच उतरवलेलं, आकडे खोडून काळे केलेले. टोपलीत सोबत दोन मानकुराद आंबेही होते. आम्ही बक्षीस त्याच टोपलीतून वर पाठवलं. ओरडणारा तो जहाजावर नोकरी करणाऱ्याच्या घरचा मुलगा. बाप कुठल्याशा बंदरात अडकलेला.

पुढची वर्षं बरी गेली. धंदा सावरला, जनरेटर पुन्हा घेतला.

पण तो स्वतंत्र झालेला मुलगा. ताळगावच्या एका सोसायटीत आमचं आणि त्याचं पत्रक कमिटीच्या टेबलावर शेजारी शेजारी पडलं होतं. ओळीला ओळ तीच. "सहाच्या आत टेबल टेनिसचं टेबल दुमडून भिंतीला लावणे" हीसुद्धा. ती ओळ काकींच्या क्लबहाऊससाठी होती. ताळगावच्या त्या क्लबहाऊसमध्ये टेबल टेनिसचं टेबलच नाही! सेक्रेटरी पोट धरून हसले. आणि काम त्यालाच दिलं, कारण तो स्वस्त.

व्हायचं तेच झालं. धुराचं मशीन, कोपऱ्यात दोन मोठे स्पीकर, दारं सताड, साडेदहा वाजले तरी गाणी. शेजाऱ्याने तक्रार केली, पोलीस आले, ॲम्प्लिफायर घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींचा फोन, "समारोप तुम्ही करून द्या हो." केला. लंगडी, लगोरी, आजी-आजोबांची संगीत खुर्ची, कोकम सरबत, पातळभाजी आणि उंडे, नऊला सगळं आटोपलं. त्या समारोपाचं निम्मं बिल अजून यायचंय. आणि त्यांच्या गेटवरच्या फलकावर आभार कुणाचे? त्याचेच.

कमिट्यांना काही गोष्टी सांगतो, विचारलं नसलं तरी. कार्डावर साडेपाच लिहा, सव्वासहाला सुरू होईल. मुलांचे खेळ पोहण्याचा तलाव बंद व्हायच्या आत संपवू नका. संपले की पोरं तलावात उतरतात, ओलीच हॉलमध्ये येतात आणि पाय घसरतो. बक्षिसं शेवटी द्या, नाहीतर पहिल्या हौजीनंतर हॉल रिकामा. मे महिन्यापुरते फ्लॅट उघडणाऱ्या दिल्ली-मुंबईच्या मंडळींना एखादं काम सोपवा. नुसतं बोलावलंत तर ती कोपऱ्यात मोबाईल बघत बसतात. परीक्षक केलंत की दहा मिनिटं आधी येतात.

येत्या मेचा दुसरा शनिवार काकींच्या सोसायटीचा आहे, तो मागू नका. बाकीच्या तारखांसाठी फेब्रुवारीत फोन करा. एप्रिलात केलात तर खुर्च्या आणि दादा दोन्ही मिळतील, केटररचा शब्द मी देणार नाही.