ती पळून का जात नाही?

कथावाचन संपलं की मागच्या रांगेतून कुणीतरी हात वर करतं. गाव लातूर असो की अंबाजोगाई, प्रश्न ठरलेला. "मॅडम, तुमच्या गोष्टीतली बाई पळून का जात नाही?" कधी त्याला शेपूटही असतं, "निदान शेवटी तरी?" मी येऊ घातलेल्या वाईट राज्यांच्या गोष्टी लिहिते. पाणी रेशनवर, लग्नं परवान्यावर, असलं. तिथल्या माझ्या बाया बंड करत नाहीत, हिशेब करतात. वाचणाऱ्यांना त्याचा राग येतो. मलाही पूर्वी यायचा.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

२०१६ चा एप्रिल. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या गाडीत १० वाघिणी, ५ लाख लिटर. त्याआधीच पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागली होती. सगळे कॅमेरे स्टेशनवर होते. आमच्या गल्लीतलं राज्य मात्र एका शंभरपानी वहीवर चालायचं. टँकर कधी येईल याचा नेम नसायचा, म्हणून नंबर लिहून ठेवायची वही. ती होती गल्लीतल्या एका मावशींकडे. मावशी विधवा. जानेवारीत त्यांना कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं आणि एप्रिलात त्याच बायका "मावशी, चहा टाकते, बसा ना" म्हणत होत्या. वहीला सुतळीनं पेन बांधलेला. कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, ते मावशी ठरवायच्या.

समोरच्या घरात नवी सून आली होती. ती एकदा उलटून बोलली. दुसऱ्या दिवसापासून तिचं नाव शेवटी. टँकरचा पाइप गुरगुरायला लागायचा तेव्हा कुठं तिचा नंबर यायचा, अर्धी घागर गाळाचं पाणी घेऊन ती जायची. मी बघत होते. बोलले नाही. कारण मावशींचे नगरसेवकाला द्यायचे अर्ज मीच लिहून द्यायची, माझं अक्षर चांगलं म्हणून. आणि आमच्या घरी दोन घागरी जास्त यायच्या. त्या घागरींचं पाणी मी प्यायलेय.

नंतर मार्गारेट अ‍ॅटवुडचं 'द हँडमेड्स टेल' परत वाचायला घेतलं. १९८५ ची कादंबरी, बायकांना मुठीत ठेवणाऱ्या एका काल्पनिक राज्याची. पहिल्या वेळी मला त्यातल्या पुरुषांची भीती वाटली होती, या वेळी आंटींची वाटली. त्या राज्यात बायकांना वाचायची बंदी आहे, पण इतर बायकांना वळण लावणाऱ्या या आंटींना लिहिता-वाचता येतं. वही त्यांच्याकडे. माणसानं कुठं ना कुठं आधी केलेलं नाही असं काहीही या पुस्तकात घालायचं नाही, असा नियम अ‍ॅटवुडबाईंनी स्वतःला घालून घेतला होता. आमच्या गल्लीत येऊन गेल्या की काय, असं वाटलं खरं.

त्या नायिकेला स्वतःचं नाव नाही. ऑफ्रेड, म्हणजे ज्याच्या घरी तिला ठेवलंय त्या फ्रेडची. हे वाचून पुण्यातली माझी मैत्रीण हादरली होती. मला ताटातले तांदूळ आठवले. नवरदेवानं अंगठीनं त्यात नाव लिहायचं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. माझ्या आईचं माहेरचं नाव मला तिच्या पन्नाशीनंतर कळलं.

नावाचं सोडा, आमच्या बीडकडं ऊसतोडीला जाणारे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतो. दसरा झाला की मजूर गोळा करणारा मुकादम विचारतो, किती कोयते? उचल, म्हणजे कामाआधी घेतलेले पैसे, जोडीवर मिळते आणि ती फिटेस्तोवर उसाच्या फडातून सुटका नाही. खाडा झाला की पैसे कापणार. पाळी आली म्हणून खाडा, अंगावरून जातंय म्हणून खाडा. मग डॉक्टर म्हणतो पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. २०१९ मध्ये सरकारी समितीसमोर आकडे आले. पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. कागदावर अंगठा किंवा सही बाईचीच. कुणी हात धरून उमटवलेली नसते ती. घरी लेकरं आहेत, उचल आहे, ती हिशेब करते आणि सही करते. आता याला शरण जाणं म्हणायचं की तगून राहणं, हे मला सभागृहातल्या खुर्चीवर बसून ठरवता येत नाही. माझ्या कथेतल्या राज्यात याहून वेगळं काय आहे? फक्त गणवेश घातलेत मी लोकांना.

तरी प्रश्न डोक्यातून जाईना. गेल्या पावसाळ्यात गावी गेले तेव्हा शेजारच्या वहिनींना गोष्ट वाचून दाखवली. पंधरा हंगाम तोडीला गेलेली बाई. भुईमुगाच्या शेंगा फोडत ऐकत होत्या. शेवट आला, मी थांबले आणि तुमचाच प्रश्न त्यांना विचारला, "वहिनी, हिनं पळून जायला पाहिजे होतं का?"

त्यांनी सुपातली टरफलं बाजूला सारली. म्हणाल्या, "हिच्यावर उचल किती होती?"

ते मी लिहिलंच नव्हतं.