ओट्याला दगड कुठला घ्यायचा?

सध्या ओळखीत जो तो किचन नवीन करतोय आणि सगळ्यांना ओट्यावर पांढरं मार्बल हवंय. दिसतं सुंदरच, पण आपल्याकडे रोज लिंबू, चिंच, कोकम, टोमॅटो, आणि मार्बल म्हणजे मुळात कॅल्साइट, म्हणजे चुन्याचंच खनिज, आंबट सांडलं की पॉलिश जाते आणि पांढुरका ठसा उमटतो, तो कितीही घासा निघत नाही कारण तो डाग नसतोच, दगडच खाल्लेला असतो. जुन्या घरांतला काळा कडप्पा पण चुनखडीचाच, म्हणून जिथे लिंबं कापली जातात तिथे पांढरट पडलेला दिसेल बघा.

ग्रॅनाइटमध्ये कॅल्साइटऐवजी क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार ही खनिजं, मोह्ज स्केलवर (ओरखड्याला किती टिकतं ते 1 ते 10 मध्ये मोजतात त्यावर) कडकपणा 6-7, कॅल्साइटचा फक्त 3. आणि दुकानात ब्लॅक ग्रॅनाइट म्हणून मिळतो तो बरेचदा शास्त्राप्रमाणे ग्रॅनाइट नसतोच, गॅब्रो किंवा डोलेराइट हे दुसरे गडद दगड असतात, आंध्रातल्या चिमाकुर्तीचा सोनेरी ठिपक्यांचा ब्लॅक गॅलेक्सी त्यातलाच, पण ओट्याला एकदम मस्त, बिनधास्त घ्या.

फक्त आधी तुकडा मागून घरी आणाच. एका बाजूला लिंबाचा रस, दुसरीकडे तेल, अर्ध्या तासाने पुसा. लिंबाने चमक गेली तर चुन्याचा दगड. तेलाने गडद झाला तर शोषून घेतोय, सीलर (दगडाची छिद्रं बंद करणारं द्रव) लागणार, फिक्या रंगाच्या ग्रॅनाइटला हे जास्त होतं. काळा असेल तर कापसावर नेलपेंट रिमूव्हर घेऊन घासा, कापूस काळा झाला तर रंग मारलेला आहे, सरळ दुसरं दुकान बघा.